लेगोच्या आगगाडीसाठी मिटवून उचलून नेता येणारा बेसबोर्ड

लेगोच्या आगगाडीचे रूळ जमिनीवर मांडणे सोपे असते. परंतु घरातील माणसांची ये-जा, झाडलोट आणि फरशीवरील धूळ यांमुळे ती मांडणी फार तर एक-दोन दिवस टिकते. रूळ, स्टेशन आणि आजूबाजूचे गाव ठिकाणावर राहावे, तरीही खोली अडू नये आणि प्रदर्शनाला किंवा मित्राच्या घरी जाताना सर्व काही उचलून नेता यावे, असे वाटत असेल तर दोन भागांत सुटा होणारा लाकडी बेसबोर्ड करून घेणे हाच उत्तम मार्ग आहे. पुढे दिलेला बेसबोर्ड साध्या प्लायवूडचा आहे. मोजमाप नेमकेपणाने घेण्याची तयारी असणाऱ्या कोणालाही तो करता येईल, आणि कापकाम सुताराकडून करून घेतले तर उरलेले काम घरच्या घरी होऊ शकेल.

या कामात मोजमाप प्लायच्या आकारावरून न ठरवता लेगोच्या स्टडवरून, म्हणजे तुकड्यांवरील गोल उंचवट्यांवरून, ठरवायचे असते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्लाय आठ बाय चार फुटांचा येतो म्हणून चार बाय दोन फुटांचे दोन तुकडे करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण मग बेसप्लेट, म्हणजे स्टड असलेले लेगोचे पातळ चौरस तक्ते, कडेला अर्धवट राहतात, फळ्यांचा सांधा रुळाच्या मधोमध येतो आणि तो रूळ कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सांधा रुळाच्या जोडावरच यावा, ही पहिली अट मानली की बाकीची मापे आपोआप ठरत जातात.

मापांचे गणित

लेगोच्या दोन शेजारच्या स्टडच्या केंद्रांमधील अंतर ८ मि.मी. असते. सरळ रूळ १६ स्टड, म्हणजे १२८ मि.मी. लांब असतो आणि स्लीपरसह, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांसह, त्याची रुंदी ८ स्टड भरते. कंपनीचा नेहमीचा वळणाचा रूळ २२.५ अंशांचा असल्याने १६ रुळांत पूर्ण वर्तुळ होते. त्या वर्तुळाची रुळाच्या मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२० मि.मी. असते. वर्तुळाचा बाहेरचा व्यास काढताना मध्यरेषेच्या ८० स्टडमध्ये दोन्ही बाजूंची स्लीपरची अर्धी-अर्धी रुंदी मिळवावी लागते, म्हणून तो ८८ स्टड येतो. याच्या दोन्ही बाजूंना ४-४ स्टडची मोकळी जागा सोडली की फळीची रुंदी ९६ स्टड ठरते.

९६ हा आकडा फार सोयीचा आहे. ३२ बाय ३२ च्या तीन बेसप्लेट किंवा ४८ बाय ४८ च्या दोन बेसप्लेट त्यात बरोबर बसतात. म्हणून आपण ९६ बाय ९६ स्टडच्या दोन चौरस फळ्या करणार आहोत आणि त्या जोडल्यावर १९२ बाय ९६ स्टडचा पृष्ठभाग मिळणार आहे. १९२ मधून कडेचे ८ आणि दोन अर्धवर्तुळांचे मिळून ८८ स्टड वजा केले की सरळ भागासाठी ९६ स्टड उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा सरळ रूळ. तिसऱ्या आणि चौथ्या रुळाच्या जोडावर फळ्यांचा सांधा बरोबर येतो आणि एकही रूळ कापावा लागत नाही. एकूण १६ वळणाचे आणि १२ सरळ रूळ लागतात.

मोठ्या त्रिज्येचे रूळ इतर उत्पादक तयार करतात. ५६ स्टड त्रिज्येच्या वर्तुळाचा बाहेरचा व्यास १२० स्टड, म्हणजे ९६ सें.मी. होतो आणि तो या फळीवर मावत नाही. तसे रूळ वापरायचे असतील तर हेच गणित नव्याने करून फळीचे माप आधी बदलावे. फळी तयार झाल्यावर ते बदलता येत नाही.

९६ स्टडचे ७६८ मि.मी. होतात. शेजारी शेजारी बसणाऱ्या बेसप्लेटना किंचित मोकळीक असावी आणि करवतीच्या कापातील बारीक फरक सामावून घेता यावा, म्हणून प्लाय ७७० मि.मी. चौरस कापावा. सांध्याच्या कडेला मात्र बेसप्लेट प्लायच्या कडेशी तंतोतंत जुळवायची आणि त्या दिशेची सगळी मोकळीक बाहेरच्या कडेला ढकलायची. सांध्याशी दोन मिलिमीटरची फट राहिली तर तेवढीच फट रुळांतही पडते.

लाकूड आणि कापकाम

वरच्या पृष्ठभागासाठी ६ मि.मी. जाडीचा आणि खालच्या चौकटीसाठी १२ मि.मी. जाडीचा प्लाय घ्यावा. पृष्ठभागालाही १२ मि.मी. घेण्याचा सल्ला पुष्कळ दुकानदार देतात. पण लेगोचे वजन फारसे नसते, आणि खाली आधाराच्या पट्ट्या असल्या की ६ मि.मी. प्लाय पुरेसा ताठ राहतो. उचलून न्यायच्या वस्तूत वाचवलेला प्रत्येक किलो उपयोगी पडतो. या पद्धतीने केलेली एक फळी, बेसप्लेट आणि रूळ धरले नाहीत तर, साधारण पाच किलोंच्या आसपास भरते.

प्लायच्या दर्जाकडे दुर्लक्ष करू नये. घरातल्या सामान्य वापरासाठी आयएस ३०३ या मानकाचा प्लाय चालतो. मात्र कोकणात, गोव्यात किंवा मुंबईसारख्या दमट हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी आयएस ७१० मानकाचा, म्हणजे बाजारात ज्याला मरीन प्लाय म्हणतात तो, घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात फुगून वाकलेली फळी पुन्हा सरळ होत नाही आणि तिच्यावरचा रुळाचा सांधा कायमचा बिघडतो. विकत घेताना प्लाय जमिनीवर आडवा ठेवून त्याची कड डोळ्याच्या रेषेत आणून पाहावी. दुकानातच बाक आलेला तुकडा चौकटीला ठोकून सरळ करता येईल, अशी आशा बाळगू नये.

६ मि.मी. प्लायमधून ७७० मि.मी. बाजूचे दोन चौरस, फळीच्या कडेने उभ्या राहणाऱ्या कठड्यासाठी ९६ मि.मी. रुंदीच्या सहा पट्ट्या आणि मिटलेल्या फळ्यांना नेताना लावायचे ७७० बाय १९२ मि.मी. चे एक झाकण निघते. कठड्याच्या पट्ट्यांपैकी चार ७७० मि.मी. लांबीच्या आणि दोन ७८२ मि.मी. लांबीच्या असाव्यात. हे सर्व आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमध्ये सहज बसते आणि स्टेशनचा फलाट किंवा टेकडी करण्याएवढा तुकडाही उरतो. चौकटीसाठी १२ मि.मी. प्लायमधून ६० मि.मी. रुंदीच्या बारा पट्ट्या लागतात, चार ७७० मि.मी. लांब आणि आठ ७४६ मि.मी. लांब. यासाठी साडेपाच फूट लांब आणि दीड फूट रुंद असा एक तुकडा पुरतो, म्हणून प्लायच्या दुकानात आधी उरलेल्या तुकड्यांची चौकशी करावी. सर्व कापकाम दुकानातील किंवा सुताराच्या टेबल-करवतीवर एकाच बैठकीत करून घ्यावे. एकाच रुंदीला करवत लावून सगळ्या पट्ट्या कापल्या की त्या एकसारख्या येतात. हातकरवतीने बारा पट्ट्यांची रुंदी मिलिमीटरभरही न चुकता कापणे कसलेल्या हातालाही कठीण जाते.

सांध्याची भोके सर्वांत आधी

चौकट जोडण्यापूर्वी सांध्याची भोके पाडून घ्यावीत. पुष्कळजण आधी दोन्ही फळ्या पूर्ण तयार करतात आणि मग त्या एकमेकींना लावून भोके पाडतात. त्या वेळी ड्रिल आत नीट धरता येत नाही, भोक तिरके जाते आणि एक फळी दुसरीपेक्षा किंचित वर बसते.

७७० मि.मी. लांबीच्या चार पट्ट्यांपैकी दोन पट्ट्या सांध्यासाठी निवडाव्यात आणि त्यांच्या वरच्या कडेवर खूण करून ठेवावी. दोन्ही पट्ट्यांच्या कडा आणि टोके जुळवून त्या सी-क्लॅम्पने एकत्र आवळाव्यात. प्रत्येक टोकापासून ६५ मि.मी. अंतरावर आणि उंचीच्या मध्यावर, म्हणजे ३० मि.मी. वर, १० मि.मी. व्यासाचे भोक पाडावे. यात लाकडी खुंट्या बसणार आहेत. त्यानंतर प्रत्येक टोकापासून १६० मि.मी. अंतरावर ८ मि.मी. व्यासाचे भोक बोल्टसाठी पाडावे. ६५ मि.मी. हे अंतर सहज म्हणून घेतलेले नाही. फळीच्या कडेपासून रुळाची मध्यरेषा ८ स्टडवर, म्हणजे ६४ मि.मी. वर येते आणि कडेची एक मिलिमीटर मोकळीक धरली की ६५ होतात. त्यामुळे खुंटी रुळाच्या बरोबर खाली येते आणि जिथे अचूकपणाची सर्वाधिक गरज आहे, तिथेच दोन फळ्या एका पातळीवर धरल्या जातात. बोल्टचे काम फक्त आवळून धरण्याचे आहे. भोकात बोल्टला थोडी हालचाल राहतेच, म्हणून पातळी राखण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

याच पट्टीचा साचा करून झाकणाच्या प्लायलाही भोके पाडून घ्यावीत. झाकण १९२ मि.मी. उंच असल्याने त्याच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही लांब कडांपासून ३० मि.मी. वर हीच भोके येतील.

चौकट आणि पृष्ठभाग

प्रत्येक फळीच्या चौकटीत ७७० मि.मी. च्या दोन पट्ट्या समोरासमोर येतात, एक सांध्याच्या बाजूला आणि दुसरी तिच्या विरुद्ध. त्यांच्यामध्ये बाजूच्या दोन ७४६ मि.मी. च्या पट्ट्या बसतात. उरलेल्या दोन ७४६ मि.मी. च्या पट्ट्या सांध्याला समांतर, चौकटीचे तीन सारखे भाग होतील अशा बसवाव्यात. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला तर थर उकलतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात लाकडाचा छोटा ठोकळा फेव्हिकॉल लावून बसवावा आणि स्क्रू प्लायच्या पट्टीतून त्या ठोकळ्यात जाऊ द्यावा. साधारण कोपऱ्यांना २५ मि.मी. चौरस ठोकळा पुरतो. सांध्याच्या बाजूच्या कोपऱ्यांना मात्र ७५ मि.मी. रुंद आणि २५ मि.मी. जाड ठोकळा हवा, कारण खुंटीला मागून आधार त्याचाच मिळतो. तो चिकटवून सुकला की पट्टीत आधीच पाडलेल्या भोकातून ड्रिल सरळ आत नेऊन ठोकळ्यातही तेवढेच भोक पाडावे. सांध्याच्या पट्टीवरील प्रत्येक स्क्रूचे डोके लाकडात बुडेल इतके आत गेले पाहिजे; डोके केसभर जरी वर राहिले तरी दोन फळ्या एकमेकींना टेकणार नाहीत.

फेव्हिकॉल ओला असतानाच चौकट काटकोनात आहे की नाही, हे तपासावे. गुण्या कोपऱ्यापुरताच खरा सांगतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. ७७० मि.मी. च्या चौरसाचा कर्ण १,०८९ मि.मी. भरतो. दोन कर्णांत फरक आढळला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हळूच दाब देऊन ते सारखे करावेत आणि मगच पृष्ठभागाचा प्लाय चिकटवून स्क्रूने पक्का करावा. हे सर्व सपाट फरशीवर करावे, म्हणजे चौकटीला पीळ पडत नाही. रात्रभर त्यावर जड पुस्तके किंवा धान्याचे डबे ठेवले तर प्लाय सर्वत्र सारखा चिकटतो.

यानंतर सांध्याची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना बाहेरून ९६ मि.मी. च्या कठड्याच्या पट्ट्या लावाव्यात. ६० मि.मी. चौकट आणि ६ मि.मी. पृष्ठभाग झाकून या पट्ट्या वर ३० मि.मी. उरतात. घसरलेले इंजिन टेबलाखाली पडू न देणे, हा या कठड्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे: दोन्ही फळ्या पुस्तक मिटावे तशा समोरासमोर ठेवल्या की कठड्याला कठडा टेकतो आणि आत ६० मि.मी. ची पोकळी तयार होते, त्यामुळे रूळ न काढता फळ्या बंद करता येतात.

शेवटी खुंट्या. १० मि.मी. जाडीच्या लाकडी दांडीचे ५७ मि.मी. लांबीचे दोन तुकडे घेऊन ते एकाच फळीच्या भोकांत, बाहेर २० मि.मी. राहतील असे, फेव्हिकॉलने बसवावेत. त्यांची टोके पॉलिश पेपरने गोलसर करावीत. दुसऱ्या फळीच्या भोकांतून पॉलिश पेपरची सुरळी एक-दोनदा फिरवली की खुंटी सैल न होता सहज आत-बाहेर सरकते. रंग किंवा वॉर्निश लावताना खालची बाजू आणि सर्व कडा विसरू नयेत. प्लाय ओलावा ओढतो तो मुख्यतः कडांतून, आणि एकाच बाजूला रंग दिलेला प्लाय दुसऱ्या बाजूला वाकतो. खुंट्यांना आणि त्यांच्या भोकांना रंग लावू नये.

बेसप्लेट आणि रूळ

बेसप्लेट खिळ्यांनी किंवा गोंदाने कायमच्या बसवू नयेत. दुहेरी चिकटपट्टीचे लहान तुकडे पुरेसे होतात आणि पुढे मांडणी बदलायची झाल्यास प्लेट न मोडता निघतात.

सरळ रूळ स्टडवर नीट बसतात, परंतु वळणाचे बसत नाहीत. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांशी आणि त्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या रुळाच्या जोडावर, वळण स्टडच्या जाळीशी जुळते. मधल्या तीन-तीन जोडांवर ते जुळत नाही आणि तिथे रूळ स्टडवर तिरका टेकून उचलला जातो. यावर खात्रीचा उपाय आहे. सरळ रुळांच्या जोडांखाली आणि वळणाच्या जुळणाऱ्या जोडांखाली २ बाय ८ स्टडची एक-एक प्लेट (लेगोचा चपटा तुकडा) बसवावी, आणि न जुळणाऱ्या जोडांखाली तेवढीच जागा व्यापणाऱ्या टाइल बसवाव्यात. प्लेट आणि टाइल दोन्हींची जाडी ३.२ मि.मी. असते, टाइलला वर स्टड नसल्यामुळे रूळ तिच्यावर सपाट टेकतो. अशा रीतीने संपूर्ण लोहमार्ग एकाच पातळीवर येतो आणि वळणावर गाडी डोलत नाही.

फळ्यांच्या सांध्यावरील दोन जोडांखाली मात्र अशी सामायिक प्लेट घालायची नाही. तिथे प्रत्येक फळीवर आपापल्या कडेपर्यंतच आधार द्यावा आणि सांध्यालगतचा एक-एक रूळ खाली घट्ट न दाबता मोकळा ठेवावा. जोडताना फळ्या एका सपाट टेबलावर समोरासमोर ठेवून खुंट्या थोड्या आत जाऊ द्याव्यात, रुळांची टोके एकमेकांसमोर आली आहेत हे पाहावे आणि मग दोन्ही फळ्या सावकाश आत सरकवाव्यात. लेगोचे रूळ लांबीच्या दिशेनेच एकमेकांत अडकतात आणि खुंट्याही त्याच दिशेला सरकतात, त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी होतात. त्यानंतर ५० मि.मी. लांबीचे ८ मि.मी. जाड बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि हाताने फिरवायचे पंखांचे नट लावून सांधा आवळावा. सोडवताना आधी सांध्यावरील रूळ बोटांनी मोकळे करावेत, मग नट काढावेत. रूळ अडकलेले असताना फळ्या ओढल्या तर रुळांच्या टोकांचे नाजूक आकडे तुटतात.

विजेची जोडणी कोणत्या काळातील गाडी आहे यावर अवलंबून असते. १९९१ मध्ये आलेल्या ९ व्होल्टच्या मालिकेत धातूच्या पट्टीचे रूळ होते आणि वीज रुळांतून जात असे. ती गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पृष्ठभागात रुळाजवळ एक भोक पाडून वायर खालून न्यावी आणि चौकटीच्या आधारपट्ट्यांनाही त्यासाठी भोके ठेवावीत. २००६ पासूनच्या बॅटरीवरच्या गाड्यांना आणि २०१८ मध्ये आलेल्या पॉवर्ड अप प्रणालीला हे काही लागत नाही, कारण बॅटरी गाडीतच असते.

पहिली फेरी सर्वांत लांब डबा जोडून आणि अगदी कमी वेगाने घ्यावी. वळणावर लांब डब्याचे कोपरे बाहेर आणि पोट आत सरकते. बाहेरच्या बाजूला स्लीपरपासून कठड्यापर्यंत सुमारे ३३ मि.मी. जागा आहे आणि सहा स्टड रुंदीच्या डब्यांना ती पुरते. आतल्या बाजूची घरे, सिग्नल आणि झाडे मात्र हा डबा फिरवून पाहिल्यावरच पक्की करावीत. सांध्यावरून जाताना गाडीचा आवाज एकदम बदलला तर रुळावरून बोट फिरवून पाहावे. पायरी जाणवली तर ती रुळात नसून बहुधा फळीच्या पातळीत असते. खाली टेबल सपाट आहे का, हे पाणसळ ठेवून तपासावे आणि बोल्ट सैल करून पुन्हा आवळावेत.

नेताना

उंच इमारती आणि झाडे काढून वेगळ्या डब्यात ठेवावीत, फळ्या समोरासमोर मिटाव्यात आणि सांध्याच्या उघड्या बाजूवर झाकण ठेवून त्याच बोल्टनी दोन्ही फळ्यांना आवळावे. समोरच्या बाजूला पत्र्याच्या ट्रंकेला असते तशी दाबून बसणारी कडी लावली की सुमारे ७८ सें.मी. चौरस आणि १९ सें.मी. जाड अशी एक बंद पेटी तयार होते. ती उभी धरली की घराच्या दारातून आणि लिफ्टमधून सहज जाते. उन्हाळ्यात ती बंद गाडीत फार वेळ ठेवू नये. बेसप्लेट पातळ असतात आणि उष्णतेने त्यांना बाक येतो.

पुढे मांडणी वाढवावीशी वाटली तर मध्ये तिसरी चौरस फळी घालता येते. तिला दोन्ही टोकांना सांध्याच्या पट्ट्या लागतात, एकीला खुंट्या आणि दुसरीला नुसती भोके. कठडा फक्त दोन बाजूंना येतो आणि सरळ रूळ आणखी बारा लागतात. जोडलेल्या फळ्यांची लांबी तेव्हा २ मीटर ३१ सें.मी. होते. त्यासाठी पहिल्याच दिवशी ७७० मि.मी. ची एक जास्तीची पट्टी साचा म्हणून त्याच क्लॅम्पमध्ये धरून भोके पाडून घ्यावी, तिच्यावर वरची कड कोणती याची खूण करावी आणि ती झाकणाच्या आतल्या बाजूला बांधून ठेवावी.